वेल्डिंगचं काम कोणाला द्यावं? ग्रिल, गेट, रेलिंग, शेड करून घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरांच्या बांधकामावर देखरेख करणं हा माझा व्यवसाय. कोल्हापूर-सांगलीकडची घरं, रत्नागिरीकडची आंब्याच्या बागेतली बंगली, मधूनच एखादं गोठ्याचं शेड, अशी कामं असतात. सिमेंट-विटांबद्दल लोक भरपूर माहिती काढतात. लोखंडी कामाची पाळी आली की मात्र 'करेल कोणीतरी, जवळच गाळा आहे' म्हणून विषय संपवतात, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर फोन येतात. त्या फोनांतून आणि मेसेजमधून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आमच्या भागात चांगला वेल्डिंगवाला शोधायचा कसा? मोबाईलवर शोधलं तर सगळ्यांनाच पाच स्टार!

स्टार सोडा, गाळ्यावर जा. दुपारी काम चालू असताना, न कळवता. रंग न लावलेलं, नुकतंच जोडलेलं एखादं गेट किंवा ग्रिल तिथे उभं असेलच. तेच बघायचं. रंगवलेलं काम सगळ्यांचंच छान दिसतं. उघड्या जोडावर माणसाचा हात कळतो (काय बघायचं ते प्रश्न १० मध्ये आहे).

दुसरी गोष्ट, चार-पाच वर्षांपूर्वी केलेल्या कामांचे पत्ते मागा. नव्या कामाचे फोटो कोणीही दाखवतो. जुनं गेट अजून न घासता मिटतंय का, ग्रिलच्या खालच्या पट्टीला गंज चढलाय का, हे त्या घरी जाऊन दोन मिनिटांत समजतं. घरमालकाला एकच प्रश्न विचारा: काम झाल्यावर काही बिघडलं तेव्हा मिस्त्री परत आला का?

हार्डवेअरचा दुकानदार आणि लोखंडाचा व्यापारी यांनाही विचारा. कोण नेहमी चांगल्या कंपनीचे वेल्डिंगचे रॉड नेतो, कोण पूर्ण जाडीचा पाईप मागतो आणि कोणाची उधारी थकलेली असते, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

२. आयटीआयचं सर्टिफिकेट मागावं का?

असेल तर उत्तमच. आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा असतो आणि तिथून आलेल्या मुलाला निदान ॲम्पिअर, रॉडची जाडी आणि सुरक्षेचे नियम शिकवलेले असतात. पण गावोगावचे कितीतरी उत्तम मिस्त्री वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकलेले आहेत, त्यांच्याकडे कागद नाही. खिडकीची ग्रिल, गेट, जिन्याचं रेलिंग यांसाठी मी कागदावर अडून बसत नाही. पाण्याच्या टाकीचा उंच स्टँड, मोठ्या गाळ्याचं शेड, लिफ्टचा सांगाडा अशी वजन पेलणारी कामं असतील तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग हवंच, आणि त्या ड्रॉइंगप्रमाणे काम करण्याचा अनुभव असलेला फॅब्रिकेटर हवा. 'साहेब, अंदाजाने बसवतो' हे उत्तर तिथे चालत नाही.

३. कोणी किलोवर दर सांगतो, कोणी स्क्वेअर फुटावर, कोणी म्हणतो मजुरी द्या. कोणता प्रकार बरा?

तिन्ही पद्धती चालतात. तिन्हींत पैसे सुटण्याची जागा वेगवेगळी आहे.

फुटावर दर ठरला की मिस्त्रीचा फायदा हलका माल वापरण्यात असतो. दहा मिलीच्या चौकोनी सळीऐवजी आठ मिलीची घातली तरी फूट तेवढेच भरतात. किलोवर दर ठरला की फायदा उलट दिशेला जातो: गरज नसताना जड माल पडतो, आणि वजन कोण करणार हा प्रश्न येतो. मजुरीवर दिलं तर माल तुमचा, पण दिवस लांबतात.

हिशेब स्वतः करता आला की कोणतीही पद्धत चालते. चौकोनी सळीचं मीटरला वजन काढायचं तर मिलिमीटरमधली बाजू गुणिले बाजू गुणिले ०.००७८५. गोल सळीला व्यास गुणिले व्यास भागिले १६२. आता चार फूट बाय चार फुटांची साधी ग्रिल घ्या: बाहेरून २५ बाय ५ ची पट्टी, आत दर चार इंचांवर दहा मिलीची उभी चौकोनी सळी, आडव्या दोन पट्ट्या. चौकटीला सुमारे ४.८ किलो, अकरा सळ्यांना १०.५ आणि आडव्या पट्ट्यांना २.४, म्हणजे एकूण पावणेअठरा किलोच्या आसपास. सळी आठ मिलीची झाली तर हीच ग्रिल चौदा किलोत बसते. घरात अशा दहा खिडक्या असतील तर जवळजवळ ३८ किलो लोखंडाचा फरक पडतो, आणि तो फुटाच्या दरात कुठेच दिसत नाही.

किलोवर ठरवलंत तर वजन रंगाआधी, तुमच्या समोर, काट्यावर करून पावती घ्या. कापलेल्या तुकड्यांची घट कोणाच्या खात्यावर, हेही आधीच बोला.

४. १६ गेज, १८ गेज म्हणजे नक्की काय? फसवलं जातंय हे कसं कळेल?

गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर, १६ म्हणजे १.६, १८ म्हणजे १.२ आणि २० म्हणजे जेमतेम ०.९. बोलताना गेज हा शब्द वापरायला हरकत नाही, कागदावर मात्र मिलिमीटरच लिहून घ्या.

फरक किती पडतो बघा. दहा फूट बाय पाच फुटांच्या गेटला एका बाजूने पत्रा मारायचा तर १६ गेजचा सुमारे ५८ किलो लागतो, १८ गेजचा ४४. पाईपचंही तेच. ४० बाय ४० चा चौकोनी पाईप २ मिलीचा असेल तर सहा मीटरची अख्खी लांबी १४ किलोच्या जवळपास भरते, १.६ मिलीचा असेल तर साडेअकरा. बाहेरून दोन्ही पाईप सारखेच दिसतात.

म्हणून पाईपच्या कापलेल्या तोंडाशी व्हर्नियर कॅलिपर लावा. साधा कॅलिपर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो, आणि घरकाम काढलेल्या प्रत्येकाने तो घ्यावाच असं माझं मत आहे. कापताना आलेली बोचरी कड घासून मग मोजा, नाहीतर जाडी जास्त दिसते. चांगल्या पाईपवर कंपनीचं नाव, माप आणि आयएस ४९२३ (भारतीय मानकाचा क्रमांक) असा छाप असतो. तो छाप रंगाखाली जाण्यापूर्वी फोटो काढून ठेवा.

५. कोटेशनमध्ये काय काय लिहून घ्यायचं? आमचा मिस्त्री तर वहीच्या पानावर फक्त एक आकडा लिहून देतो.

वहीचं पान चालेल, नुसता आकडा चालणार नाही. प्रत्येक भागाचं माप आणि जाडी मिलिमीटरमध्ये, सळ्यांमधलं अंतर, बिजागऱ्यांची संख्या आणि प्रकार, कडी-कोयंडा कोणाचा, प्राइमर कोणता आणि किती हात, रंग कोण लावणार, वाहतूक आणि वर चढवण्याची मजुरी कोणाकडे, भिंतीत होल्डफास्ट (चौकट किंवा गेट भिंतीत पक्कं धरणारी लोखंडी पट्टी) बसवल्यावर गिलाव्याची दुरुस्ती कोण करणार. एवढं लिहिलं आणि दोघांनी सही केली की निम्मी भांडणं होतच नाहीत. शेवटचा मुद्दा सगळेच विसरतात: गेट बसवून वेल्डर निघून जातो आणि फोडलेला खांब तसाच राहतो.

मापं मिस्त्रीनेच जागेवर येऊन घ्यावीत. तुम्ही फोनवर सांगितलेल्या मापाने केलेलं काम बसलं नाही तर तो दोष तुमच्यावर येईल.

६. ॲडव्हान्स किती द्यायचा?

मालापुरता. लहान गाळेवाल्याकडे खेळतं भांडवल नसतं, त्यामुळे ॲडव्हान्स मागणं यात गैर काही नाही. माझी पद्धत अशी: ठरताना मालाच्या किमतीइतकी रक्कम, काम जोडून तयार झाल्यावर (रंगाआधी बघून) दुसरा हप्ता, आणि बसवून झाल्यावर उरलेले. शेवटी किमान दहा-पंधरा टक्के हातात ठेवा. आणि काम पटलं की ते त्याच दिवशी द्या. पैशासाठी चार हेलपाटे घालावे लागलेला मिस्त्री पुढच्या वेळी तुमचा फोन उचलणार नाही.

७. माल आम्हीच आणून दिला तर स्वस्त पडेल ना?

मोठं काम असेल तर पडतं. नवी मुंबईजवळच्या कळंबोलीच्या पोलाद बाजारात किंवा तुमच्या शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याकडे किरकोळीपेक्षा दर कमी असतो. पण पाईप-सळ्या ठरावीक लांबीत येतात, आणि कुठल्या मापाचे किती नग लागतील हा कापणीचा हिशेब मिस्त्रीकडूनच आधी घ्यावा लागतो. शिवाय वाहतूक, उतरवण्याची हमाली आणि माल ठेवायला कोरडी जागा हे सगळं तुमच्याकडे येतं. दोन-चार खिडक्यांसाठी हा खटाटोप करू नका.

रॉड मात्र त्यालाच आणू द्या. जोडाची जबाबदारी त्याची, तर रॉडही त्याचा.

८. आर्क, सीओटू, टिग... मिस्त्री ही नावं सांगतो. आमच्या कामाला कोणतं लागतं?

घरगुती लोखंडी कामाला साधं आर्क वेल्डिंग, म्हणजे होल्डर आणि रॉडवालं, पुरेसं आहे. यात सर्वसाधारणपणे ई ६०१३ जातीचा रॉड वापरतात. जाड अँगल-चॅनेलला दहा नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलीचा, आणि पातळ पाईपला बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलीचा. पातळ पाईपवर जाड रॉड चालवला की भोक पडतं, मग ते भोक भरण्यात जोड बेढब होतो. पावसाळ्यात ओलसर पुड्यातले रॉड वापरले तर जोडात बारीक छिद्रं राहतात. रॉडचा पुडा कोरड्या जागी झाकून ठेवणारा मिस्त्री दिसला की मला बरं वाटतं.

सीओटू, म्हणजेच मिग, यात तार सलग पुढे येते आणि वर वायूचं आवरण असतं. पातळ पाईप, पत्रा, एकसारखी पुष्कळ कामं यांना ते झकास. पण उघड्यावर, वाऱ्यात वायू उडून जातो, म्हणून ते गाळ्यातच बरं. टिग हे आर्गॉन वायूखाली होणारं सावकाश, नाजूक काम. स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगला तेच मागा.

९. स्टीलचं रेलिंग '३०४' म्हणून घेतलं, वर्षात तांबूस डाग पडले. चुंबक तर चिकटत नव्हता!

चुंबकाची परीक्षा इथे उपयोगाची नाही. ३०४ आणि २०२ या स्टेनलेस स्टीलच्या जाती, आणि ३०४ ला चुंबक चिकटत नाही तसा २०२ लाही चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त आणि गंजायला सोपं. उलट अस्सल ३०४ चा पाईप वाकवल्यावर त्या जागी चुंबक किंचित ओढ दाखवू शकतो, आणि लोक त्यालाच खोटा ठरवतात.

स्टीलच्या दुकानांत तपासणीचं द्रावण मिळतं. थेंब टाकून लहान बॅटरीने वीज दिली की रंग बदलतो आणि २०२ चटकन उघडं पडतं. ही परीक्षा पाईप कापण्यापूर्वी, दुकानातच करून घ्या. बिलावर '३०४' हा आकडा लिहिलेला हवा, नुसतं 'एसएस पाईप' नको.

डाग पडण्याचं दुसरं कारण गाळ्यातलंच असतं. लोखंड घासलेली चकती तशीच स्टीलवर फिरवली की लोखंडाचा चुरा स्टीलमध्ये रुततो आणि तो गंजतो. अशा वेळी पाईप अस्सल असूनही डाग दिसतात. स्टीलसाठी वेगळी चकती आणि वेगळा ब्रश वापरतो का, एवढं विचारा. समुद्राला लागून घर असेल तर ३०४ सुद्धा डागाळतं. तिथे ३१६ ही गंजाला जास्त टिकणारी जात घ्या किंवा स्टीलचा मोह सोडा.

१०. काम चांगलं झालंय हे आमच्यासारख्यांना कसं ओळखता येईल?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. काम प्राइमर लावण्याआधी बघा. ठरवतानाच सांगून ठेवा की मी बघितल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. प्राइमरचा एक हात आणि पुट्टीचा एक हात चढला की कच्चा जोडही गुळगुळीत दिसतो, आणि मग तो सुटेपर्यंत कळत नाही.

गाळ्यावर गेलात की आधी जोडावरचं काळं कवच, म्हणजे स्लॅग, झाडलेलं आहे का पाहा. नसेल तर चिपिंगची हातोडी मागा आणि स्वतः दोन-चार ठिकाणी ठोका. कवच पडलं की खालचं धातूचं काम उघडं होतं. चांगल्या जोडावर एकामागून एक लहान, सारख्या अंतराच्या लाटा दिसतात आणि तो दोन्ही बाजूंच्या धातूत सपाट मिसळलेला असतो. वर नुसता गोळा बसल्यासारखा दिसत असेल आणि कडेने फट असेल, तर करंट कमी होता, जोड आत गेलेलाच नाही. जोडाच्या कडेने सळीलाच खाच पडली असेल तर करंट जास्त होता आणि सळी तिथे बारीक झाली. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर ओला रॉड, गंज किंवा जुना रंग मध्ये आलाय.

मग मागची बाजू बघा. समोरून सलग जोड आणि मागे नुसता एक टाका, हा प्रकार ग्रिलमध्ये सर्रास होतो. प्रत्येक सळी पट्टीला जिथे भेटते तिथे जोड हवा. एखादी मधली सळी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवून पाहा.

शेवटी टेप काढा. गेटचा वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि उलट, असे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर गेट काटकोनात आहे. दोन-तीन मिलीचा फरक चालतो. पंधरा मिलीचा असेल तर ते गेट खांबात बसल्यावर तिरकंच दिसेल. पाईपची उघडी तोंडं टोप्या लावून बंद केली आहेत का, हेही बघून घ्या. उघड्या तोंडातून पाणी आत शिरतं आणि पाईप आतून सडतो, जिथे कोणाचाही ब्रश पोचत नाही.

११. गंज चढू नये म्हणून कोणता प्राइमर? आमचं घर कोकणात आहे.

घाटावर रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर ऑइलपेंटचे दोन हात नीट लावले तर काम टिकतं. 'नीट' म्हणजे आधी गंज, तेल आणि जोडाभोवतीची काजळी तारेच्या ब्रशने साफ करून. जागेवर बसवताना पुन्हा वेल्डिंग होतं आणि तिथला प्राइमर जळतो. ती जागा परत घासून प्राइमर लावायचा राहिला की गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

कोकणात आणि गोव्यात खारी हवा आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस यांच्यासमोर रेड ऑक्साइड तोकडा पडतो. तिथे जस्तयुक्त इपॉक्सी प्राइमर आणि वर इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घ्या. बजेट असेल तर तयार गेट गरम जस्तात बुडवून घ्या, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनायझिंग. मात्र हे आधी ठरवावं लागतं, कारण बंद पाईपला हवा जायला भोकं ठेवलेली नसतील तर वितळलेल्या जस्तात तो फुटू शकतो.

आणि दसरा-दिवाळीनंतर काम काढा. वैशाखात सगळ्यांनाच पावसाआधी शेड हवं असतं, मिस्त्री चार ठिकाणी शब्द देऊन बसतो आणि रंग घाईत उरकला जातो.

१२. वेल्डिंगवाला आमच्या मीटरवरून वीज मागतो. द्यावी का?

मशीन इन्व्हर्टर प्रकारचं असेल, अडीच मिलीचा रॉड असेल आणि घरात १६ ॲम्पिअरचा सॉकेट, चांगली वायरिंग आणि चालू अर्थिंग असेल तर थोड्या कामाला हरकत नाही. जुनं, जड ट्रान्सफॉर्मरचं मशीन घरगुती सॉकेटवर लावू देऊ नका. मोठं काम गाळ्यातच करून आणायला सांगा आणि घरी फक्त बसवणीचे जोड ठेवा.

दोन गोष्टी कधीही चालवून घेऊ नका. रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकणं ही वीजचोरी आहे, वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा. आणि मशीनची परतीची क्लॅम्प नळाला किंवा स्लॅबच्या सळीला लावून काम करणं: ती क्लॅम्प ज्या वस्तूवर जोड चाललाय तिलाच, जोडाच्या जवळ लावायची. नाहीतर वेल्डिंगचा करंट घराच्या अर्थिंगमधून वाट काढतो आणि वायर जळतात.

१३. राहत्या घरात काम करताना काय सांभाळायचं?

ग्राइंडरच्या ठिणग्या काचेवर आणि टाइल्सवर बसल्या की चिकटतात, आणि मग काळे-तांबूस ठिपके कायमचे राहतात. खिडकीची काच, ग्रॅनाइट, फरशी हे सगळं ओल्या गोणपाटाने झाका. पडदे, गादी, कापूस, थर्माकोल, थिनरचा डबा हलवा. ठिणगी तीस-पस्तीस फुटांपर्यंत जाऊ शकते, आणि फटीतून खालच्या मजल्यावरही पडते. गॅसचा सिलिंडर त्या खोलीतून बाहेर न्या. पाण्याची बादली जवळ ठेवा आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास कोणीतरी तिथेच थांबा. धुमसणारी आग लगेच दिसत नाही.

१४. मुलाने वेल्डिंगकडे बघितलं, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. बटाट्याचे काप ठेवू का?

नको. कापही नको, गुलाबपाणीही नको, आणि मिस्त्रीकडचे थेंब तर मुळीच नको. वेल्डिंगच्या अतिनील प्रकाशाने बुबुळाचा वरचा थर भाजतो आणि त्रास काही तासांनी, बहुतेक रात्री सुरू होतो. डोळे चोळू देऊ नका, थंड कापडी घडी ठेवा, खोलीत अंधार करा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. सहसा एक-दोन दिवसांत बरं होतं. मात्र ठिणगी किंवा लोखंडाचा कण डोळ्यात गेला असेल तर तातडीने जा.

जो मिस्त्री स्वतः काच न धरता, नुसतं तोंड वळवून टाका मारतो, त्याला काम देताना दोनदा विचार करा. त्याच्या हेल्परचेही डोळे आहेत.

१५. फ्लॅटला बाहेर काढलेली बॉक्स ग्रिल करायची आहे. वेल्डर म्हणतो परवानगी लागत नाही.

सोसायटीची लेखी परवानगी घ्या. इमारतीच्या दर्शनी भागात बदल करायचा तर ती लागतेच, आणि भिंतीबाहेर किती काढता येईल हे स्थानिक नियमांवर ठरतं. वेल्डर निघून जातो, नोटीस तुम्हाला येते.

परवानगीपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती सुटकेची झडप. घरात आग लागली आणि दाराकडची वाट बंद झाली तर पूर्ण बंद ग्रिल म्हणजे पिंजरा. किमान एका खिडकीत माणूस सहज बाहेर पडेल एवढी, निदान दोन फूट बाय दोन फुटांची, आतून उघडणारी झडप ठेवा. किल्ली जवळच, घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेल्या जागी. आणि लहान मुलं असतील तर सळ्या उभ्या ठेवा, चार इंचांपेक्षा जास्त अंतर नको. आडव्या सळ्यांची मुलं शिडी करतात.

१६. सरकतं गेट करतोय. काही विशेष काळजी?

होय, आणि हे मी हात जोडून सांगतो. सरकतं गेट रुळाच्या शेवटाला अडलं नाही तर मार्गदर्शक रोलरमधून सुटून आडवं पडतं. दोन-अडीचशे किलोचं गेट अंगावर पडून लहान मुलं आणि वॉचमन दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. रुळाच्या दोन्ही टोकांना जमिनीत काँक्रीटने पक्का केलेला, गेटच्या धक्क्याने न वाकणारा अडसर हवा. वर दोन्ही बाजूंनी धरणारे रोलर हवेत, तेही एक नाही, किमान दोन जोड्या. बसवून झाल्यावर मिस्त्रीसमोर गेट दोन्ही टोकांपर्यंत जोरात ढकला. तो 'असं कोण ढकलतंय' म्हणाला तरी ढकला. मुलं ढकलतात.

१७. जुन्या गेटला डागडुजी करायची की नवीनच करायचं?

गंजलेल्या जागी हातोडीने ठोका. टणक आवाज आला तर तुकडा बदलून चालेल. भोक पडलं किंवा पापुद्रे निघाले तर तिथला धातू उरलेलाच नाही, आणि त्यावर जोड धरणार नाही. खालची पट्टी सडलेली असेल आणि चौकट शाबूत असेल तर खालचा फूटभर भाग कापून नवा लावणं स्वस्तात होतं. बिजागरी लोंबली असेल तर आधी खांब बघा, बऱ्याचदा दोष गेटचा नसून हललेल्या होल्डफास्टचा असतो.

१८. जीआय पाईप, बिडाची (ओतीव लोखंडाची) वस्तू, ॲल्युमिनियम... सगळं एकाच वेल्डरकडे होतं का?

नाही. जीआय पाईपला जोड बसतो, पण आधी जोडाजवळचा जस्ताचा थर घासून काढायला हवा. जस्त जळून होणारा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. काम मोकळ्या हवेत करायला सांगा आणि नंतर तिथे जस्ताचा प्राइमर लावा. बीड साध्या रॉडने जोडलं तर शेजारी तडकतं. त्याला निकेलचा रॉड आणि सावकाश तापवणं-निववणं लागतं. शिरोली, भोसरी, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास असं काम करणारे मिळतात. ॲल्युमिनियमला वेगळं टिग मशीन लागतं. 'बघू, करून देतो' म्हणणाऱ्याकडे बीड आणि ॲल्युमिनियम सोडू नका.

१९. डिझेलचा रिकामा बॅरल कापून चूल करायची आहे. धुऊन दिला तर चालेल ना?

चालणार नाही. रिकाम्या दिसणाऱ्या बॅरलमध्ये वाफ उरलेली असते, ती शिवणीत आणि गंजात मुरलेली असते, आणि एका ठिणगीने बॅरलचा स्फोट होतो. साधं धुणं पुरत नाही. पेट्रोल-डिझेलची टाकी, रसायनाचा ड्रम, थिनरचा डबा यांना गाळ्यात नेऊ नका. मिस्त्री तयार झाला तरी तुम्ही नाही म्हणा. हाच नियम टायर बसवलेल्या रिंगला: टायरमधली हवा सोडली तरी रिंगवर वेल्डिंग केल्यास टायर फुटू शकतो. टायर उतरवूनच काम करायचं.

२०. उसाच्या ट्रॉलीचा हूक आणि पाटा तुटला. सीझन चालू आहे, पटकन जोडून घेऊ का?

हूक आणि ड्रॉबार (ट्रॉली ओढणारा दांडा) जोडता येतो, पण वरून थर देऊन नाही. तुटलेल्या कडा व्ही आकारात घासून, आतपर्यंत जोड भरून, दोन्ही बाजूंनी पट्टी मारून. रॉडही ई ७०१८ जातीचा, कोरडा करून घेतलेला हवा. पाटा (चाकांवरच्या स्प्रिंगची पट्टी) मात्र कधीही जोडू नका. तो पाणी दिलेल्या कडक पोलादाचा असतो, जोडाच्या शेजारी ठिसूळ होतो आणि भरल्या ट्रॉलीखाली पुन्हा तुटतो. नवा पाटाच टाका. स्टिअरिंगच्या भागांनाही हेच लागू.

ट्रॅक्टर, जीप, टेम्पोवर वेल्डिंग करताना बॅटरीची वायर आधी सोडवा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. वाहनाच्या मूळ बांधणीत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. दुरुस्ती वेगळी, बदल वेगळा.

२१. बिल मागितलं तर म्हणतो १८ टक्के जीएसटी वर द्या.

आधी त्याचा जीएसटी नंबर विचारा. सर्वसाधारणपणे सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसलेला माणूस जीएसटी आकारूच शकत नाही. कंपोझिशन योजनेतल्यालाही (लहान व्यावसायिकांसाठीची सोपी कर योजना) तो बिलावर वेगळा लावता येत नाही. नोंदणी असेल आणि पक्कं बिल देत असेल तर कर द्यावाच लागेल. नोंदणी नसलेल्याकडूनही साधी सही-शिक्क्याची पावती मिळते, आणि तेवढी पुढच्या प्रश्नासाठी पुरेशी आहे.

२२. काम अर्धवट टाकून गेला, किंवा सहा महिन्यांत जोड सुटला. आता काय?

सुटलेल्या जोडाचे जवळून फोटो काढा, त्यात टेप धरा, तारीख दिसू द्या. मग व्हॉट्सॲपवर शांतपणे लिहा: काय ठरलं होतं, काय झालंय, किती दिवसांत दुरुस्ती हवी. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण गावात नाव खराब होणं कोणालाच परवडत नाही. दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेण्याआधी त्याला ही संधी द्या, नाहीतर 'माझ्या कामाला दुसऱ्याने हात लावला' हे कारण त्याला मिळतं.

उत्तरच आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. प्रश्न ५ मधला सही केलेला कागद, पैसे दिल्याच्या नोंदी आणि रंगाआधी काढलेले फोटो तिथे सोबत जोडा.